शेती विभागातील जमीन निवासी करण्याच्या फेरबदलाला हरकत कशी घ्यावी?

प्रश्न

आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीत, वस्तीला अगदी लागून, सुमारे 12 हेक्टर बागायती जमीन आहे. मंजूर विकास योजनेत ती शेती विभागात दाखवलेली आहे. आता महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली ती निवासी विभागात घेण्याचा फेरबदल प्रस्तावित झाल्याची सूचना वर्तमानपत्रात आली असून तिथे मोठे गृहसंकुल होणार, हे सर्वांनाच ठाऊक आहे. या शिवारातून एक ओढा वाहतो, आणि जोराचा पाऊस झाला की त्याच ओढ्याचे पाणी आमच्या खालच्या गल्लीत शिरते. शेते आहेत म्हणून निदान काही पाणी वरच अडते. आम्ही एक निवेदन तयार करून त्यावर सह्या घेत आहोत, पण अशा निवेदनाला कितपत वजन असते आणि हरकतीत नेमके काय लिहावे, याचे मार्गदर्शन हवे आहे. मुदत एक महिन्याची आहे आणि त्यातले नऊ दिवस गेले आहेत.

पहिला प्रतिसाद

मी नगररचनेच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत आणि अशा हरकतींच्या सुनावण्यांना बसलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एकाच मजकुराखाली पाचशे सह्या असलेले निवेदन टेबलावर आले की त्याची नोंद बहुधा एक हरकत म्हणून होते. त्याऐवजी वीस-पंचवीस जणांनी आपापल्या नावाने, आपल्या घराचे किंवा विहिरीचे ठिकाण सांगून, स्वतंत्र हरकती दिल्या तर प्रत्येक मुद्द्याची दखल घेणे भाग पडते. प्रत्येक हरकतीच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि दिनांकाची पोच घ्या आणि प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्याचे त्यातच लिहा.

आता मुख्य गोष्ट. कलम 37 हे किरकोळ फेरबदलांसाठी आहे. ज्या बदलाने विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही असाच बदल त्याखाली करता येतो. वस्तीच्या कडेची सलग 12 हेक्टर शेतजमीन निवासी करणे हा तुमच्या गावाच्या आकारमानाने किरकोळ बदल ठरतो का, हा तुमचा पहिला मुद्दा असला पाहिजे. दुसरा मुद्दा गरजेचा. योजना तयार करताना कलम 25 खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा केलेला असतो. तो आणि मंजूर योजनेचा नकाशा शेजारी ठेवून निवासी विभागातील किती जमीन आजही मोकळी पडली आहे ते मोजा. आधीची निवासी जमीनच भरलेली नसेल तर नवी कशासाठी हवी, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तावात शोधा आणि ते नसेल तर तसे स्पष्ट लिहा.

तिसरा मुद्दा पाण्याचा, आणि माझ्या मते तोच तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम आहे. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 10 हजार लिटर पाणी होते. म्हणजे एखाद्या सायंकाळी 50 मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या 12 हेक्टरांवर 60 लाख लिटर पाणी पडते. नांगरलेली, बांधबंदिस्ती असलेली जमीन यातला मोठा वाटा मुरवते, उरलेला बांधांवर थोपवून हळूहळू सोडते. त्याच जागी छपरे, काँक्रीटचे रस्ते आणि फरसबंदी आली की बहुतेक पाणी काही मिनिटांत ओढ्याकडे धावते आणि ओढ्याचे पात्र मात्र पूर्वीएवढेच राहते. म्हणून गटनकाशावर ओढा कसा दाखवला आहे ते पाहून त्याची प्रत जोडा, मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते त्याची दिनांकासह छायाचित्रे जोडा. जवळ नदी असेल तर जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषाही तपासा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते.

पिण्याच्या पाण्याचा हिशेबही मागा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरले जाते, म्हणजे हजार रहिवाशांमागे रोज 1 लाख 35 हजार लिटर. हे पाणी कुठून येणार आणि त्यातून निघणारे सांडपाणी कुठे जाणार, हे प्रस्तावात लिहिलेले नसेल तर ती मोठी उणीव आहे.

काय टाळावे, तेही सांगतो. आमच्या खिडकीतून दिसणारी हिरवळ जाईल, बाहेरचे लोक राहायला येतील, असली वाक्ये हरकतीत नकोत. पहिल्याचा निर्णयावर परिणाम होत नाही, आणि दुसऱ्याने तुमचा सारा अर्ज हलका होतो. घर शोधणारा माणूस तुमचा विरोधक नाही.

दुसरा प्रतिसाद

मी अशाच एका शिवारातला शेतकरी आहे आणि माझे म्हणणे काहींना आवडणार नाही. विरोध करणाऱ्यांची घरेही कधीकाळी कोणाच्या तरी शेतातच बांधली गेली. शेतमालाच्या भावाची खात्री नसताना, मजूर मिळत नसताना आणि मुले शेती करायला तयार नसताना, आमची जमीन हिरवीच राहावी, असे कडेने फिरायला येणाऱ्यांनी ठरवावे हे आम्हाला बोचते. तरीही ओढ्याचा मुद्दा मला पटतो, कारण पूर आला की पहिले नुकसान आमच्याच खालच्या बांधांचे होते. माझी विनंती एवढीच आहे की हरकत देण्याआधी त्या 12 हेक्टरांच्या मालकांना भेटा. तिथे सगळेच विकायला निघालेले असतील असे समजू नका. ज्यांना शेती चालू ठेवायची आहे त्यांची विहीर, पाट आणि बांधावरची वाट नव्या संकुलामुळे तुटणार आहे, आणि अशा शेतकऱ्याने सातबारा जोडून दिलेल्या हरकतीत पिकांची व सिंचनाची अधिकृत नोंद आपोआप येते.

तिसरा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. मी वकिली करते, म्हणून हरकतीची ही मुदत का चुकवू नये ते सांगते. पूर्वी जमीन अकृषिक करण्याची परवानगी हा वेगळा टप्पा असे आणि तिथेही आक्षेप नोंदवता येई. जमीन महसूल संहितेत 2014 साली कलम 42-अ आणि नंतर 42-ब आल्यापासून, विकास योजना मंजूर असलेल्या क्षेत्रात हा टप्पा जवळजवळ उरलेला नाही. बांधीव क्षेत्र 20 हजार चौरस मीटर किंवा अधिक असेल तर 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. पण इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट असल्यामुळे तुम्हाला कोणी बोलावणार नाही. त्या अर्जाची कागदपत्रे परिवेश संकेतस्थळावर पाहता येतात. मंजुरी दिली गेल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करावे लागते, आणि पुरेसे कारण असेल तरच आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळते. म्हणजे सामान्य नागरिकाला आपणहून म्हणणे मांडण्यासाठी बोलावणारी पायरी मुख्यतः हीच आहे, जिथे तुम्ही आता उभे आहात.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच द्या, पण त्याच्या उत्तराची वाट पाहू नका, कारण त्यालाही 30 दिवस लागू शकतात. नगरपरिषदेत जाऊन प्रस्तावाचा नकाशा पाहा व प्रत मागा. नकाशा पाहू दिला नाही तर ती गोष्टही दिनांकासह हरकतीत लिहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सामूहिक निवेदन थांबवून आम्ही खालच्या गल्लीतील प्रत्येक घराची स्वतंत्र हरकत लिहायला घेतली आहे. शेतकरी बंधूंचे म्हणणे मनाला लागले. आजवर आम्ही त्या मालकांपैकी एकाशीही बोललो नव्हतो. काल दोघांना भेटलो. त्यातल्या एकांना जमीन विकायची आहे आणि ते आमच्यावर नाराज आहेत, पण दुसऱ्यांची विहीर ओढ्यापासून काही पावलांवर असून ते सातबारासह हरकत देणार आहेत. सोमवारी नगरपरिषदेत जाऊन नकाशा पाहणार आहोत. मोकळ्या निवासी जमिनीची मोजणी आम्ही स्वतः केली तर ती सुनावणीत मान्य होते का?

पहिल्या प्रतिसादाचे लेखक

होते, फक्त प्रत्येक मोकळ्या जागेचा गट किंवा सर्व्हे क्रमांक लिहा आणि ती योजनेच्या नकाशावर रंगाने दाखवा. अंदाजाचे एकूण क्षेत्रफळ देऊ नका. पडताळता येतील अशा दहा जागा दिल्यात तरी सुनावणी घेणाऱ्यांना त्यांची तपासणी करावी लागते.