अकरावी-बारावीची मुलं आणि बेफाम दुचाकी : व्याख्यानं झाली, आता काय?

तासिका
तालुक्याच्या गावातलं ज्युनिअर कॉलेज आहे. साडेचारशे विद्यार्थी, निम्मे आसपासच्या खेड्यांतले. पार्किंगमध्ये रोज साठ-सत्तर दुचाकी लागतात आणि चालवणारे बहुतेक सोळा-सतरा वर्षांचे. ट्रिपल सीट, कानात इअरफोन, कॉलेज सुटलं की फाट्यापर्यंत शर्यत. वाहतूक पोलिसांचं व्याख्यान, शपथ, पोस्टर स्पर्धा सगळं झालं. आठवडाभर फरक पडतो, मग पुन्हा तेच. पुढच्या महिन्यात पालकसभा आहे आणि रस्ता सुरक्षेसाठी एक पूर्ण दिवस मिळणार आहे. पैसे फारसे नाहीत. त्या दिवशी नेमकं काय करावं, पालकांना काय सांगावं, आणि काय टाळावं?

पांढरी रेघ
मॅडम, अपघाताचे भयानक फोटो दाखवू नका. या वयातली मुलं ते बघतात, दोन मिनिटं गप्प होतात, आणि 'त्याला चालवता येत नव्हती' असं म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा त्यांना अंतर दाखवा.

सत्तर-ऐंशी मीटरचा सरळ, कोरडा, बंदिस्त डांबरी किंवा काँक्रीटचा पट्टा लागेल. कॉलेजात नसेल तर सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचं यार्ड मागा. मातीचं मैदान चालणार नाही. मातीवर पुढचा ब्रेक जोरात धरला की चाक लॉक होतं आणि चालवणाराच आडवा होतो. फक्की आणि ५० मीटरची टेप क्रीडा विभागात असतेच. गाडी ड्रायव्हिंग स्कूलचा प्रशिक्षक चालवेल. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालूनच. विद्यार्थ्याच्या हातात गाडी अजिबात द्यायची नाही.

फक्कीची एक आडवी रेघ मारा. प्रशिक्षक ताशी २० किलोमीटरच्या वेगाने येईल आणि रेघेवर दोन्ही ब्रेक धरेल. गाडी अडीच-तीन मीटरमध्ये थांबते. आता ४० ची पाळी. त्याआधी प्रत्येकाला सांगा, गाडी जिथे थांबेल असं वाटतं तिथे पट्ट्याच्या कडेला आपली एक चप्पल ठेव. वेग दुप्पट म्हणजे अंतर दुप्पट, या हिशेबाने बऱ्याच चपला पाच-सहा मीटरवर येतात. गाडी मात्र ती रांग मागे टाकून दहा मीटरच्या आसपास थांबते. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. फळ्यावर हे वाक्य कोणाच्या लक्षात राहत नाही, पण आपल्या चपलेच्या पुढे चार-पाच मीटर गेलेली गाडी लक्षात राहते.

६० ची चाचणी प्रत्यक्ष घेऊ नका, नुसती मोजून रेघ मारा: २३ मीटर. हे फक्त ब्रेक धरल्यानंतरचं अंतर झालं. समोर कुत्रं आलं हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात ४० ची गाडी ११ मीटर आणि ६० ची १७ मीटर जाते. एकूण ४० ला २१ मीटर, ६० ला ४०. आता अकरावीच्या मुलांना गतीचं तिसरं समीकरण वापरून एक गणित घाला. मंदन, म्हणजे ब्रेकमुळे वेग कमी होण्याचा दर, ६ मीटर प्रति सेकंद वर्ग धरायचं. ४० ची गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी ६० च्या गाडीचा वेग किती उरला असेल? उत्तर येतं ५३-५४. म्हणजे एकजण वाचला त्या ठिकाणी दुसरा जवळजवळ पूर्ण वेगाने धडकतो. उत्तर त्यांनाच काढू द्या, तुम्ही सांगू नका.

वर्गात करायला फूटपट्टीचा प्रयोग आहे. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी वरून सोडायची, दुसऱ्याने खाली चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर ०.२ सेकंद. मग त्याच मुलाला दुसऱ्या हातात मोबाइल देऊन आलेला मेसेज मोठ्याने वाचायला लावा आणि मध्येच पट्टी सोडा. बऱ्याचदा ती सरळ खाली पडते.

एक करू नका: 'गाडी घसरली तर कशी सावरावी' असली कौशल्यं शिकवणं. नॉर्वेमध्ये नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले. हातात कसब आलं असं वाटलं की वेग वाढतो.

कलम-कागद
पालकसभेसाठी. बहुतेक पालकांना वाटतं, पकडलं तर पाचशे-हजाराची पावती. त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचून दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीत ते आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि पालक जिथे खरोखर दचकतात ते शेवटचं: त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा मिळत नाही. पोलीस भरती, ड्रायव्हरची नोकरी, डिलिव्हरीचं काम डोळ्यांपुढे असलेल्या घरात ही गोष्ट दंडापेक्षा जास्त लागते.

विम्याचंही सांगा. परवाना नसलेल्याने गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा सहसा फेटाळला जातो. समोरच्या जखमीला कंपनीने भरपाई दिली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करायचा आदेश होऊ शकतो. ती लाखांत असते. शेतीवर बोजा चढू शकतो, हे साध्या भाषेत सांगा.

'सोळा वर्षांच्या मुलाला बिनगिअरची चालते' हा गैरसमज सगळीकडे आहे. कायद्यात सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच्या गाडीला. सध्याच्या नेहमीच्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या आहेत, त्यांना अठराच लागतात. बॅटरीवरची २५ किलोमीटर वेगमर्यादेची, २५० वॉटपर्यंतची गाडी परवान्याशिवाय चालते, पण दुकानातून बाहेर पडताच वेगाचं लॉक काढून घेतलेलं असेल तर ती सूट संपते. मुलगा 'ही तर चार्जिंगची आहे' म्हणाला तर ती किती पळते ते विचारा.

फाटकावर परवाना तपासताना मोबाइलमधला फोटो धरू नका. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये समोर उघडायला लावा आणि गाडीच्या प्रकाराचा रकाना बघा.

तासिका
दोन्ही प्रतिसाद छापून घेतले. एक अडचण आधीच दिसते आहे. मागे फाटक बंद केलं होतं, तेव्हा मुलं दोनशे मीटरवर रसवंतीच्या मागे गाड्या लावून चालत आली. आणि काही पालकच म्हणतात, एसटीची वेळ जुळत नाही, मग पोरांनी यायचं कसं?

घाटमाथा
हाच खरा प्रश्न आहे ताई, आणि तो आधी सोडवायला हवा. येण्याची सोय न करता फाटक बंद केलं की गाडी फक्त नजरेआड जाते.

प्रवेशाच्या नोंदवहीवरून गावनिहाय यादी करा: गाव, विद्यार्थी किती, कॉलेज भरण्याची आणि सुटण्याची वेळ. ती जोडून प्राचार्यांच्या सहीने आगार व्यवस्थापकांना पत्र द्या आणि एकच नेमकी मागणी करा, उदाहरणार्थ, अमुक मार्गावरची दुपारची फेरी वीस मिनिटं पुढे ढकलावी. 'बससेवा सुधारावी' असं मोघम लिहिलं की पत्र फाइलमध्ये जातं. त्या मार्गावरच्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडले तर वजन पडतं. फेरी हलत नसेल तर शेवटची तासिका हलवता येते का ते बघा. ते तुमच्या हातात आहे. विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. पासाचे अर्ज कॉलेजातच भरून एकगठ्ठा आगारात पाठवा, म्हणजे मुलांच्या खेपा वाचतील.

अठरा पूर्ण झालेल्या, परवाना असलेल्या मुलांसाठी घरातला करार हवा. न्यूझीलंडने १९८७ मध्ये नव्या तरुण चालकांना टप्प्याटप्प्याने मोकळीक द्यायची पद्धत आणली: सुरुवातीला रात्री एकट्याने चालवायचं नाही, मित्र बसवायचे नाहीत. कारण साधं आहे, सोबतीला समवयस्क असले की धोका वाढतो. आपल्याकडे कायद्यात हे टप्पे नाहीत, पण बाप ते लावू शकतो. पहिले सहा महिने मागे कोणी बसवायचं नाही. दिवेलागणीनंतर चावी खुंटीवर. फोन खिशात नको, सॅकच्या आतल्या कप्प्यात, कारण खिशातला थरथरला की हात जातोच. पालकाने रविवारी किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. कॉलेज आठ किलोमीटरवर आणि आठवड्यात दोनशे झाले असतील तर विचारायला जागा आहे. नियम मोडला तर काय, हेही आधीच लिहा. 'गाडी कायमची बंद' असली धमकी कोणी पाळत नाही. पंधरा दिवस चावी जमा, हे पाळलं जातं.

आणि पालकांनी स्वतःचं वागणंही बघावं. सतरा वर्षांच्या पोराला डेअरीवर दूध घालायला, बहिणीला क्लासला सोडायला गाडी देणारे आपणच असतो.

स्पार्कप्लग
पार्किंगमध्ये गाडीभोवती एक फेरी मारली तरी चालवणारा कळतो. आरसे काढलेले. नंबरप्लेट वर वाकवलेली, म्हणजे कॅमेऱ्यात येऊ नये. इंडिकेटर गायब. मागचा टायर मूळ मापापेक्षा रुंद. बुलेटला मोठ्या आवाजाचा पंजाब किंवा इंदोरी सायलेन्सर. अशा गाडीच्या पालकाला वेगळं बोलवा, सभेत नाव घेऊ नका.

ट्रिपल सीटचं मुलांना यंत्राच्या भाषेत सांगा, ते ऐकतात. गाडी ११० किलोची, वर तिघे मिळून १८०. तिसऱ्याचं वजन मागच्या चाकाच्याही मागे पडतं, म्हणून पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल तरंगतं. हेडलाइट वर उचलला जातो, रस्त्याऐवजी झाडं दिसतात. शॉकअप आधीच दाबलेला, खड्डा आला की तळाला आदळतो. ड्रम ब्रेक असेल तर उतारावर तापून पकड सोडतो. आणि चालवणारा टाकीला चिकटून बसलेला असल्यामुळे हँडल पूर्ण वळत नाही, कोपर आपल्याच पोटाला लागतं.

मुलं पुढचा ब्रेक वापरत नाहीत, 'पलटी होते' म्हणून. थांबण्याची जास्त ताकद पुढच्याच चाकात असते. नुसता मागचा दाबला तर चाक लॉक होऊन शेपूट फिरतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान जोडलेले ब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारे) आणि त्यावरच्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण घरातली जुनी गाडीच पोराकडे जाते आणि तिला यातलं काही नसतं. त्या दिवशी एक मेकॅनिक बसवा आणि ज्यांना गाडी आणायची परवानगी आहे त्यांच्या गाड्या तपासा: ब्रेक लिव्हरचा ढिलेपणा, टायरच्या खाचांतल्या झिजेच्या खुणा, मागचा दिवा ब्रेकसरशी लागतो का. गाडीमागे पाच मिनिटं पुरतात.

हेल्मेट आयएसआय खुणेचं आहे का एवढंच बघून सोडू नका. पट्टा लावायला सांगा, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल हवा. मग मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे ओढा. डोक्यावरून निघालं तर ते रस्त्यावरही निघेल.

पांढरी रेघ
स्पार्कप्लग यांच्या तपासणीचा क्रम आधी ठेवा, माझा प्रयोग नंतर. ब्रेक ढिला निघालेला मुलगा चप्पल ठेवताना हात जरा पुढे नेतो.