बुंदीसाठी पपी क्लास निवडायचाय, मदत हवी आहे (पुणे, कोथरूड)

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार. आमच्या घरी बुंदी आलीये. इंडी (आपली देशी) पपी, मादी, पिवळसर तांबूस रंग, म्हणून लेकाने नाव ठेवलं बुंदी. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखालून कुईकुई ऐकू आली, वॉचमनकाकांनी टॉर्च मारला तर ही एकटीच, पूर्ण भिजलेली. दोन दिवस खालीच खोक्यात ठेवून वाट बघितली, आई आलीच नाही, मग वर आणली. डॉक्टर दात बघून म्हणाले ५ आठवड्यांची असेल, म्हणजे आता साडेदहा आठवड्यांची. जंत झाले होते त्याचं औषध झालं, पपी डीपी (लहान पिल्लांची पहिली लस) झालं, आणि गेल्या शनिवारी नाईन-इन-वन या एकत्रित लसीचा पहिला डोस झाला. पुढचा डोस ३-४ आठवड्यांनी, रेबीज ३ महिने पूर्ण झाल्यावर.

आता क्लास का हवाय ते सांगते. माहेरी वाईला आमच्याकडे मोती होता. दिवसभर साखळीला, संध्याकाळी अंगणात मोकळा, त्याला काही शिकवायचं असतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मी सहावीत असताना लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारी लड लावली आणि मोती पट्ट्यातून मान काढून पळाला. बाबा आणि काका गणपती घाटापर्यंत हाका मारत फिरले, दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं सगळीकडे शोधत होतो, तो सापडला नाही. हाक ऐकली असती तरी आला असता का माहीत नाही कारण हाकेला यायचं हे त्याला कधी शिकवलंच नव्हतं. ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून मला बुंदीने शेकहँड करावा, पाहुण्यांसमोर रोल ओव्हर करावा यातलं काही नकोय. बोलावल्यावर तिने यावं, आणि माणसं, गाड्या, दुसरी कुत्री, आवाज याला घाबरून पळू नये. म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात पथकांचा ढोलताशाचा सराव सुरू झालाय, वारा इकडचा असला की संध्याकाळी आमच्या गॅलरीत ऐकू येतो आणि ही कपाटामागे जाऊन बसते. गणपती ७ आठवड्यांवर आलेत, मग दिवाळी.

पहिला गोंधळ लसीचा. आमचे डॉक्टर म्हणतात १६ आठवड्यांपर्यंत सगळे डोस होऊ देत, तोपर्यंत जमिनीवर पाऊल नको, पार्व्हो (उलटी-जुलाब होऊन पिल्लं दगावतात तो विषाणू) खूप आहे. आणि इकडे जिथे वाचावं तिथे लिहिलंय की माणसांची आणि जगाची ओळख ३ महिन्यांच्या आतच करून द्या, नंतर अवघड जातं. दोन्ही कसं जमवायचं?

दुसरा गोंधळ क्लासचा. तीन बघून आले, बुंदीला फक्त तिसऱ्या ठिकाणी नेलं होतं.

पहिला सिंहगड रोडच्या बाजूला मोकळ्या मैदानात, रविवारी सकाळी. आठ रविवारचे ६ हजार. पंधराएक कुत्री, लॅब, जर्मन शेफर्ड, एक रॉटवायलर, सगळ्या वयाची. सर खूप अनुभवी आहेत, त्यांच्या हाताखालची मोठी कुत्री एका शब्दावर बसत होती हे मी डोळ्यांनी बघितलं. पण प्रत्येकाच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याला आवळणारी साखळी. एक लॅबचं पिल्लू, चार महिन्यांचं असेल, बसेना म्हणून सरांनी चेन वर खेचली, पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि ते ओरडलं. नंतर बसलं, पण कान मागे, सारखं ओठ चाटत होतं, मालकाकडे बघतही नव्हतं. मी तिथून निघून आले.

दुसरा बाणेरला. हॉलमध्ये, खाली रबरी मॅट, ५ महिन्यांच्या आतली सहाच पिल्लं, दोन ट्रेनर. फोनवर सगळ्यात आधी लसीचं कार्ड मागितलं, दारात चपला काढायला लावल्या. सगळं खाऊ देऊन शिकवतात, ओरडणं नाही. पहिला अर्धा तास तर माणसांचाच वर्ग, पिल्लं नुसती शेजारी बसलेली. मला आवडला. पण सहा शनिवारचे १२ हजार, आणि शनिवारी संध्याकाळी आमच्याकडून बाणेरला पाऊण तास सहज जातो.

तिसरा इथेच कोथरूडमध्ये, एका बंगल्याच्या मागच्या अंगणात, चार पिल्लं, ४ हजार. मॅडम प्रेमळ आहेत, चोक चेन वगैरे काही नाही. पण कार्ड विचारलं नाही, आणि बराचसा वेळ पिल्लांना मोकळं सोडून देतात. एक बीगल बुंदीला सारखा लोळवत होता, ती माझ्या पायात येऊन लपली तर मॅडम म्हणाल्या, सोडा तिला, त्यांचं ते बघून घेतील. मी उचलून घेतली. मी जास्तच काळजी करतेय का तेही कळेना.

शिवाय सासूबाईंच्या ओळखीचे एक ट्रेनर घरी येऊन रोज अर्धा तास शिकवायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात बाणेरला कशाला धडपडत जायचं. त्यांचं चुकीचं आहे असं नाही, घरचं सगळं त्याच बघतात आणि बुंदीचं दुपारचं खाणंही.

तर ज्यांनी ग्रुप क्लास केलाय त्यांनी कृपया सांगा: लस पूर्ण व्हायच्या आत न्यावं का? कोणता घ्यावा? आणि ढोलाचं काय करू?

प्रतिसाद १

ताई, मी लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करतो. तुमचे डॉक्टर भीती दाखवत नाहीयेत, पार्व्हो पुण्यात आम्ही नेहमी बघतो आणि पिल्लू दोन दिवसांत हातातून जातं. आईकडून आलेल्या अँटिबॉडी काही पिल्लांत बरेच आठवडे टिकतात आणि लसीचं काम होऊ देत नाहीत, म्हणून शेवटचा डोस १६ आठवड्यांना किंवा त्यानंतर. पण पिल्लाच्या मेंदूचा नवीन गोष्टी सहज स्वीकारायचा काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा, तो कोणासाठी थांबत नाही. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितलंय की ७-८ आठवड्यांपासून पपी क्लास चालेल, फक्त लसीचा किमान एक डोस होऊन ७ दिवस झालेले असावेत, जंताचं औषध झालेलं असावं आणि पुढचे डोस वेळेवर चालू राहावेत. तुमची बुंदी यात बसते. तुमच्या डॉक्टरांशी हे मोकळेपणाने बोला.

मात्र जागा महत्त्वाची. मैदान, बाग, टेकडी, रस्त्यावरची कुत्री जिथे फिरतात ती माती आत्ता नको, पार्व्हो मातीत महिनोनमहिने राहतो. पावसाची डबकीही नकोत, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. क्लासवाल्यांना विचारा फरशी कशाने पुसता. फिनाइलने पार्व्हो मरत नाही. ब्लीच लागतं, १ भाग ब्लीच ३० भाग पाणी, १० मिनिटं ओलं राहू द्यायचं. उलटी जुलाब असलेलं पिल्लू आत घेतात का हेही विचारा. बाकी कडेवर घेऊन कुठेही फिरवा, किराणा दुकान, रिक्षा स्टँड, शाळा सुटते तिथे. ओळख त्यानेही होते.

प्रतिसाद २

नाशिकहून लिहितेय. आमच्या लॅबला आधी घरी येणारे ट्रेनर होते, दोन महिने. त्यांनी हाक मारली की यायचा, आम्ही मारली की नाही, कारण शिकवणारे ते आणि आम्ही चहा करत असायचो. मग ग्रुप क्लास लावला. क्लासमध्ये खरं तर आपण शिकतो, हात कसा धरायचा, खाऊ कधी द्यायचा, आपण कुठे घाई करतो ते. आणि आजूबाजूला पाच पिल्लं असताना आपल्याकडे बघायला शिकणं हे घरी होतच नाही. सासूबाईंना एखाद्या शनिवारी सोबत घेऊन जा ना, त्या रोज खायला देतात म्हणजे बुंदी त्यांचंच सगळ्यात आधी ऐकेल.

आणि तुम्ही जास्त काळजी करत नाही आहात! बीगलच्या बाबतीत साधी परीक्षा असते. दांडगट पिल्लाला दोन मिनिटं धरून ठेवायचं. दुसरं पिल्लू परत त्याच्याकडे खेळायला गेलं तर खेळ आहे, लांब गेलं तर खेळ नाही, त्रास आहे. ही परीक्षा ट्रेनरला माहीतच असायला हवी. साडेदहा आठवड्यांच्या पिल्लाने माणसाच्या पायात येऊन मदत मागितली आणि ती मिळाली नाही तर ते एवढंच शिकतं की कुत्री वाईट असतात आणि आपलं कोणी नाही.

फी भरायच्या आधी प्रत्येक ट्रेनरला एकच विचारा, पिल्लाने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता? उत्तर गोलमोल आलं तर पैसे देऊ नका.

प्रतिसाद ३

मी कोल्हापूरचा, वय ६४. आमच्या घरात तीस वर्षं जर्मन शेफर्ड आहेत, सगळी चोक चेनवर तयार झाली आणि सगळी जिवाला जीव देणारी. कुत्रा कळपाचा प्राणी आहे, घरात वरचढ कोण हे त्याला लहानपणीच कळावं लागतं नाहीतर मोठेपणी डोक्यावर बसतो. पहिल्या क्लासच्या सरांना एकदम वाईट ठरवू नये. खाऊवर शिकलेला कुत्रा खाऊ संपला की ऐकत नाही.

प्रतिसाद १ कडूनच

काका, तुमच्या कुत्र्यांवर तुमचं प्रेम आहे याबद्दल शंका नाही. पण ही वरचढपणाची कल्पना १९४७ साली शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवरून मांडलेली होती. आयुष्यभर लांडग्यांचा अभ्यास केलेल्या डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामारी नसते. वर मी म्हटलं त्याच संघटनेने २०२१ मध्ये सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षीस देऊनच शिकवा असं स्पष्ट म्हटलंय. पिल्लाची श्वासनलिका नाजूक असते, चेनने इजा होते. खाऊचं म्हणाल तर सवय पक्की झाली की तो हळूहळू कमी करायचा असतो, बहुतेक लोक ती पायरी गाळतात.

प्रतिसाद ४

ढोलाबद्दल. सरावाच्या जागी घेऊन जाऊ नका, "सवय होईल" म्हणून नेलेलं पिल्लू आयुष्यभरासाठी घाबरू शकतं. मोबाईलवर ढोलाचं रेकॉर्डिंग लावा, इतकं हळू की तुम्हाला जेमतेम ऐकू येईल, आणि ते चालू असतानाच तिचं आवडतं खाणं. ती निवांत खात असेल तरच दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवायचा. खाणं सोडलं की तुम्ही घाई केली, मागे या. कपाटामागे जाते तर जाऊ दे, तिथेच गोधडी घालून ठेवा. तिला जवळ घेतलं तर भीती वाढते हे खरं नाही, खुशाल घ्या. आणि विसर्जनाच्या दिवशी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा नंबर. मोतीचं वाचून फार वाईट वाटलं.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. तुमची कुत्री तुमच्यावर जीव टाकत असतील यावर माझा विश्वास आहे. पण ते लॅबचं पिल्लू ओरडलं तो आवाज मी ऐकलाय, आणि मला हाक मारल्यावर बुंदी यायला हवी ती माझ्याकडे यावंसं वाटतं म्हणून. दिवाळीच्या रात्री घाबरलेली असताना ती भीतीपोटी ऐकेल यावर मी भरवसा ठेवू शकत नाही.

डॉक्टरांशी बोलले. हॉल, रबरी मॅट आणि सगळ्यांची कार्डं बघतात हे सांगितल्यावर म्हणाले चालेल, फक्त जाताना येताना कडेवर. बाणेरवाल्यांना ब्लीचचं विचारलं तर त्यांनी कोणतं वापरतात, किती पाण्यात, सगळं सांगितलं, आणि ऐकलं नाही तर काय करता याचं उत्तर होतं, "मग आम्ही काम सोपं करतो." फी दोन हप्त्यांत चालेल म्हणाले.

काल पहिला शनिवार झाला. सासूबाई आल्या होत्या. बुंदी पहिली वीस मिनिटं त्यांच्या खुर्चीखालून हलली नाही. कोणी तिला ओढलं नाही, ट्रेनर नुसती जमिनीवर बसून थोड्या थोड्या वेळाने पनीरचा तुकडा जवळ ठेवत होती, दर वेळी जरा लांब. मग एक पाय बाहेर, मग नाक, आणि शेवटच्या दहा मिनिटांत सासूबाईंनी हळूच "बुंदे" म्हटलं तर हॉलच्या मध्यापासून त्यांच्याकडे पळत आली. त्यांचे डोळे भरून आले होते. आज सकाळपासून त्याच पनीरचे मटारएवढे तुकडे करून डब्यात भरतायत. घरच्या ट्रेनरना त्यांनीच फोन करून नको सांगितलं.

एकच नवीन अडचण आहे. जाताना आणि येताना दोन्ही वेळा रिक्षात उलटी झाली. निघायच्या किती आधी खायला देणं थांबवायचं? क्लासमध्ये खाऊ लागतो म्हणून फार उपाशीही नेता येत नाही. आणि रोज गल्लीतल्या गल्लीत पाच मिनिटांची रिक्षाची चक्कर मारली तर सवय होईल का, की त्याने रिक्षाचीच भीती बसेल?