नोटीस पिरियड पूर्ण भरावा की लवकर सोडण्याची विनंती करावी?

शिरीष_प:
दुसरीकडे नोकरीला होकार कळवला की जुन्या ठिकाणची नोटीस, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करायची ठरलेली मुदत, पूर्ण भरावी, असं माझं ठाम मत आहे. ती मुदत आपणच नेमणूकपत्रावर सही करून मान्य केलेली असते. मोडली तर उरलेल्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो, रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) अडकू शकतं आणि नव्या कंपनीची पडताळणी नेमकी तिथे येऊन थांबते.

वैदेही:
अजिबात पटलं नाही. नोटीस तीन महिन्यांची असली तरी बऱ्याच कामांचं हस्तांतर दोन-तीन आठवड्यांत उरकतं. पुढे नवं काम कुणी देत नाही, माणूस नुसता बसून राहतो. लवकर सोडा म्हणायला काहीच हरकत नाही. विनंती लेखी करा, हस्तांतराचं वेळापत्रक जोडा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. साहेब तोंडी "बघू" म्हणाले, तेवढ्यावर नव्या ठिकाणी रुजू व्हायची तारीख देऊ नका.

शिरीष_प:
उरकतं ते यादीतलं काम. यादीत नसलेल्याचं काय? रोज आपोआप निघणारा अहवाल तुमच्या लॉगिनवर चालत असतो. खातं बंद झालं की तो थांबतो, आणि का थांबला हे कुणालाच कळत नाही. महिनाअखेरीची कामं तर त्या वेळीच डोकं वर काढतात. म्हणून निदान एक महिनाअखेर तुमच्या जागी येणाऱ्याने स्वतः करावी आणि तुम्ही शेजारी बसावं.

मुक्ता_के:
त्याआधीचं बोला. ऑफर लेटरमध्ये पडताळणीची किंवा वैद्यकीय तपासणीची अट असेल तर ती पार पडल्याचं लेखी येईपर्यंत राजीनामा देऊच नका. मग आधी साहेबांना समक्ष सांगा आणि त्याच दिवशी ईमेल करा, कारण दिवस सहसा लेखी राजीनाम्यापासून मोजतात. त्यात शेवटची तारीख आणि आभार पुरेत, तक्रारी नकोत. नोटिशीत रजा घेतली तर मुदत पुढे ढकलली जाते का, हेही आधीच विचारा.

वैदेही:
महिनाअखेरीचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी तीन महिने कशाला? राजीनाम्याची तारीखच अशी निवडा की एक महिनाअखेर मध्ये येईल. आणि पगार वाढवून थांबवायला लागले तर त्याच बैठकीत नकार द्या. "विचार करून सांगते" म्हटलं की तुमच्या जागी माणूस नेमणं लांबतं, आणि हस्तांतर करायचं कुणाकडे हाच प्रश्न उरतो.