विंडोज 10 चा सपोर्ट संपला. छपाईच्या दुकानातील संगणकाचे काय करावे?

प्रश्न :
तालुक्याच्या गावी माझे डीटीपीचे छोटे दुकान असून लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले हे सगळे काम पेजमेकर 7.0 या पानांची मांडणी करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लावून चालणाऱ्या जुन्या मराठी फॉन्टवर होते. संगणकाचा इंटेल प्रोसेसर सहाव्या पिढीचा असल्याने तो विंडोज 11 साठी अपात्र ठरला. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट, संपला, तरी यंत्र पूर्वीसारखेच चालते आहे. नव्या संगणकाचा खर्च आताच करावा का?

प्रतिसाद 1 :
यंत्र चालते म्हणून ते सुरक्षित आहे असे मानू नये. विंडोज 10 आणि 11 यांचा बराच कोड सामाईक आहे. त्यामुळे 11 मधील एखादी त्रुटी मासिक अपडेटने बुजवली, की 10 मध्ये तीच फट कुठे उघडी राहिली आहे याचा माग त्या दुरुस्तीवरूनच काढता येतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा सपोर्ट चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी मात्र ती हल्ला सुरू झाल्यावरच सर्वांना खुली झाली. शिवाय तुमच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागत असणार, हे विसरू नका.

प्रतिसाद 2 :
13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट देणारी जी सवलतीची योजना सर्वत्र सांगितली जाते, ती वैयक्तिक वापरासाठी आहे. व्यवसायासाठीची योजना वेगळी असून तिचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे 61 डॉलर आहे, पुढे दरवर्षी तो दुप्पट होतो आणि तिसऱ्या वर्षानंतर तीही बंद होते. इतक्या जुन्या यंत्रावर हा पैसा घालणे मला तरी पटत नाही.

प्रश्नकर्ता :
जुन्या फाइली नव्या यंत्रावर उघडल्या नाहीत तर सीझनमध्ये पंचाईत होईल, हीच खरी भीती आहे.

प्रतिसाद 3 :
मग जुने यंत्र मोडीत काढू नका; त्याची नेटची केबल काढा, वायफाय बंद करा आणि ते केवळ पेजमेकरसाठी ठेवा. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह यांसाठी विंडोज 11 चा साधा संगणक घ्या. फाइल तिथे तपासून मगच स्वतःच्या वेगळ्या पेन ड्राइव्हने इकडे आणा. आजच जुन्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढा, आणि डोंगलचा ड्रायव्हर 11 वर चालतो का हे विक्रेत्याला खरेदीआधी विचारा, कारण फॉन्टच्या फाइली नुसत्या कॉपी करून डोंगलवर चालणारे फॉन्टचे सॉफ्टवेअर सुरू होणार नाही.