परीवाला टर्न-बेस्ड गेम जुन्या लॅपटॉपवर घेऊ का?

केळीवाला_रावेर:
फेअरी: लेजेंड्स ऑफ अ‍ॅव्हलॉन कोणी खेळलंय का? सेलमध्ये स्वस्तात दिसला. लॅपटॉप जुना, उन्हाळ्यात खाली पंखा लावला तरी तव्यासारखा तापतो. धावपळीचे गेम मला जमतच नाहीत, मध्येच केळीच्या ट्रकवाल्याचा फोन येतो अन् बोलून येईस्तोवर आपण मेलेलो. म्हणून पाळीपाळीने लढायचा पाहिजे. फक्त ते परी-बिरी पाहून घरातली पोरं हसतील का एवढीच शंका.

भुसावळ_जंक्शन:
घे रे भो. 2010 चा गेम आहे, फ्रान्सच्या स्पायडर्स स्टुडिओचा, पीसीवर नंतर आला, फार काही मागत नाही. ओबेरॉन राजा तुला झोपेतून उठवतो अन् जादू आटत चाललेल्या जगांत पाठवतो. लढाईत तू हल्ला निवडेपर्यंत समोरचा राक्षस हलत नाही, मी एकदा अर्ध्यात उठून शेवभाजीला फोडणी देऊन आलो, बिचारा तिथंच डुलत उभा. लेव्हल वाढली की नवी ताकद घ्यायची, तसे पंख अन् अंगावरचं गोंदणपण बदलतं. हसू दे पोरांना.

तापीकाठ:
सगळं खरं पण हे पण सांगा ना की गेम लहान आहे, दोन-तीन रविवारात संपतो. यग्द्रसिल झाड, फ्लाइंग डचमन जहाज, वाळवंटात भल्या मोठ्या किड्याच्या पाठीवरचं शहर, मस्त उडत फिरलो, आता खरी गोष्ट सुरू होणार म्हटलं अन् तिथंच खेळ खल्लास. पुढचा भाग आलाच नाही. पूर्ण पैशात तर अजिबात घेऊ नको.

धुळ्याना_पोऱ्या:
परी काय म्हंतस भो, आसरा म्हना! मन्ही आजी सांगे, भर दुपारना डोहकडे जाऊ नको, साती आसरा ऱ्हातीस. तठे शेंदूर लायेल सात दगड बी शेतस. ह्या गेमवाल्या पऱ्या पन तश्याच, गोड बोलतीस अन् काम करी लेतीस.

केळीवाला_रावेर:
घेतला. पहिलीच लढाई अन् ट्रकचा फोन, वीस मिनिटं वजनावरून वाद, परत आलो तर राक्षस जागेवर! पण तेवढ्यात लाइट गेली अन् बॅटरी तर कधीचीच मेलेली. आता सुरुवातीपासून. धुळेवाले भाऊ, आजीला विचारा, आसरा लाइटीचं काही बघतात का?