ओळख लावून मदत करणं: सेवा की वशिला?

छावणीकर
गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी बायबलमधल्या एस्तेरवर उपदेश केला. पारसाच्या राजाची राणी झालेली यहुदी पोर. तिच्या लोकांच्या कत्तलीचा हुकूम निघतो आणि तिला वाढवणारा चुलतभाऊ मर्दखय तिला निरोप धाडतो, की कोण जाणे, अशाच वेळेसाठी तू त्या गादीपर्यंत पोचली असशील. उपासनेनंतर चहाच्या वेळी त्यावरून जी जुंपली ती अजून व्हॉट्सअ‍ॅपवर चालू आहे. म्हणून इथे मांडतो, इंदूरबाहेरच्यांचंही ऐकू.

आमच्यात सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आहेत, एक बँकेतले साहेब आहेत, दोघं-तिघं शाळेच्या कमिटीवर. यांच्या दाराशी माणसं येतात. 'काका, तेवढा एक फोन टाका ना.' अर्धी मंडळी म्हणते, टाकावा. अर्धी म्हणते, हा सरळ वशिला झाला, ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

माझं मत: टाकावा. न टाकणंच चूक. देवाने पैसा दिला असेल तर दान करावं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मग शब्दाला वजन दिलं असेल तर ते काय कपाटात ठेवायचं? योसेफाने तुरुंगात फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, प्यालेबरदाराला (पेय देणाऱ्या सेवकाला) स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि एवढंच मागितलं, की सुटलास म्हणजे फारोजवळ माझं नाव काढ. तो सुटला आणि विसरला. योसेफ पुढची दोन वर्षं आतच. प्यालेबरदाराने त्याचं काही वाकडं केलं नाही, फक्त एक शब्द टाकला नाही.

आणि लांब कशाला, आपल्या उदयनगरच्या नन, सिस्टर राणी मारिया घ्या. केरळातून आलेल्या. गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या कर्जाकडे, सरकारी योजनांकडे नेलं. ज्यांचं पोट त्या व्याजावर होतं त्यांना ते खुपलं, आणि 1995 च्या फेब्रुवारीत इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये वार करून त्यांचा खून झाला. 2017 मध्ये इंदुरातच चर्चने त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. शिकलेली, कचेरीत जिचं ऐकून घेतलं जातं अशी बाई. तिने ते ऐकून घेतलं जाणं दुसऱ्यांसाठी वापरलं. याला वशिला म्हणायची कुणाची छाती आहे?

रांगेतला
छावणीकर, एस्तेर आणि राणी मारियांच्या पदराआड फोन लपवू नका. एस्तेरने कुणाचा नंबर मागे सारला? तुमच्या फोनाने सारला जातो. दवाखान्यात दिवसाला ठरावीकच तपासण्या होतात. तुमचा पेशंट आत शिरला म्हणजे शेवटचा बाहेर राहिला. हा शेवटचा कोण? झाबुआ-आलीराजपूरहून रात्रीच्या बसने आलेला, या शहरात ज्याला कुत्रंही ओळखत नाही असा. मग मदत गेली कुणाच्या पदरची? त्याच्या. आणि पुण्य तुमच्या खात्यावर.

शास्त्रच काढायचं तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला की 'या, इथे बसा', फाटका आला की 'तिथे उभा राहा'. याला याकोब पाप म्हणतो, शिष्टाचार नाही. लेवीय 19 तर आणखी कडक: न्याय करताना गरिबाची गरीब म्हणून बाजू घेऊ नको आणि थोराचं तोंड बघू नको. आणि वशिल्याचा अस्सल किस्सा शुभवर्तमानातच आहे की. येशूच्या दोन शिष्यांची, जब्दीच्या मुलांची, आई पाया पडून सांगते, तुझ्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. प्रभू काय म्हणाला? ते देणं माझ्याकडे नाही. 'बघतो, करतो काहीतरी' असंसुद्धा म्हणाला नाही.

दवाखानावाली मावशी
दोघांनीही जरा दमानं घ्या. वर ज्या निवृत्त सिस्टरचा उल्लेख आलाय ती मीच. त्या खिडक्यांच्या आतल्या बाजूला माझी नोकरी गेली, तेव्हा फोन म्हणजे काय ते मला सांगू नका.

एक फोन असतो 'सिस्टर, आमच्या मेव्हण्याचा एमआरआय आजच्या आज लावा'. मेव्हणा एसी गाडीतून येणार, उद्या केला तरी त्याचं काही बिघडणार नाही. याला मी नाही म्हणते. म्हणून काही घरांतून लग्नाची पत्रिका येणं बंद झालंय. चालायचंच.

दुसरा प्रकार तुम्हाला बाहेरून दिसतच नाही. बडवानीकडचा एक बाप, बायको भरती. आधारवर नाव नानूराम, समग्र आयडीत (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) नानसिंग. आयुष्मान कार्ड काही निघत नाही. खिडकीवरचा म्हणतो, 'नाम मेल नहीं खा रहा, सुधरवा के लाओ.' बरोबरच आहे त्याचं, कॉम्प्युटर पुढे जात नाही. पण कुठून सुधरवायचं, ते सांगायला त्याला वेळ नाही, आणि या माणसाला हिंदी जेमतेम. तो 'हौ' म्हणतो आणि पिशवी घेऊन जिन्याखाली बसतो. संध्याकाळपर्यंत बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीत, तेच कागद, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गावी निघायची तयारी. फाइलवर काय लिहितात ठाऊक आहे? पेशंट स्वतःच्या मर्जीने गेला.

इथे माझं वजन किती? मी आयुष्मान मित्राच्या (दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलाशी गेले की तो पोरगा मान वर करतो. बस, तेवढंच. मग पंचायतीच्या सचिवाला फोन, नावाची दुरुस्ती, अंगठा, कार्ड. अर्धा दिवस जातो. यात रांगेतला कोण मागे गेला? उपचारावर त्याचा हक्क आधीपासून होता, तो त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. आता याला वशिला म्हणा नाहीतर भजी म्हणा.

मालवी पोहे
मी ख्रिस्ती नाही, तुमच्या वचनांत पडत नाही. पण भिया, इंदुरात जॅक लावल्याशिवाय काय होतं? नळाच्या कनेक्शनपासून स्मशानातल्या लाकडापर्यंत सगळीकडे 'अपने वाले हैं' लागतं. तुम्ही एकटे सोवळे राहिलात तर तुमचाच माणूस मरेल.

मला विचारायचंय ते शाळांबद्दल. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांना 25 टक्के जागा गरिबांसाठी ठेवाव्या लागतात, आपल्याकडे त्यांची ऑनलाइन लॉटरी निघते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ती अट नाही, 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय. ठीक, कायदा कायदा आहे. पण मग तिथे कोण कुणाला घेतं ते तुमच्या हातात, बरोबर? आमच्या कॉलनीतल्या एका डॉक्टरांच्या नातवाला अशाच एका शाळेत कुणा पाळकाच्या चिठ्ठीवर प्रवेश मिळाला. पोराचं कुटुंब ना ख्रिस्ती, ना गरीब. एस्तेर तिथे कुठे जाते?

छावणीकर
मालवी पोहे, तुमचा बाण बरोबर लागलाय, आणि शाळेबद्दल मी बचाव करणार नाही. लूक 14 मध्ये प्रभूने सांगितलंय, मेजवानीला श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नको, ते उलट बोलावणं देऊन फेड करतील. ज्यांच्याकडून फेड होणार नाही त्यांना बोलाव. डॉक्टर फेड करतो. त्याच्या नातवासाठी चिठ्ठी म्हणजे सौदा.

पण रांगेतल्यांना एक दाखवायचंय. यिर्मया 38. यिर्मया संदेष्ट्याला सरदारांनी दोर लावून विहिरीत सोडलाय, पाणी नाही, नुसता चिखल, तो त्यात रुततोय. राजवाड्यातला एक कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) खोजा, एबद-मलेख, परका माणूस, राजा बन्यामीन वेशीत बसलेला असताना तिथे जातो आणि बोलतो: या लोकांनी वाईट केलं, तो उपाशी मरेल. राजा माणसं देतो. आणि हा थेट विहिरीवर जात नाही. आधी भांडाराखालच्या खोलीत जाऊन जुनी फाटकी लुगडी-चिंध्या गोळा करतो, त्या खाली सोडतो आणि वरून सांगतो, बगलेत दोराखाली घाल, म्हणजे कापणार नाही. मावशींचा आयुष्मानचा टेबल मला तसाच वाटला. राजाचा शब्द मिळवणारे पुष्कळ असतात, चिंध्या शोधणारा विरळा.

रांगेतला
मावशींपुढे मी हात जोडतो. पण त्यांनी केलं ती मदत झाली, ओळख नव्हे. ते काम दवाखान्याने नेमलेल्या माणसाने करायला हवं. आपण दर वेळी आपलं वजन घालून ते करत राहिलो तर तिथे माणूस कधीच नेमला जाणार नाही. मावशी आजारी पडल्या की नानूराम पुन्हा जिन्याखाली. सगळ्या मंडळीने सह्या करून 'भिली बोलणारा मदतनीस बसवा' असा अर्ज का दिला नाही? तीही ताकदच की. ती वापरायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण अर्जाला कुणी 'सिस्टर, तुमचे उपकार' म्हणत नाही.

तुमचा एबद-मलेखसुद्धा माझ्याच बाजूचा साक्षीदार निघाला, छावणीकर. तो वेशीत, चारचौघांत बोलला. रात्री मागच्या दाराने नाही.

खातेवही
बँकेतला साहेब तो मीच. फोन फुकट नसतो, हे इथे कुणी बोललं नाही. आज मी एका मॅनेजरला म्हटलं, या मंडळीतल्या बाईची फाइल बघा जरा, की चार महिन्यांनी त्याचा फोन येणार: 'साहेब, आमच्या भाच्याचं कर्ज अडलंय.' तेव्हा काय सांगू? नाही म्हणालो तर पुढच्या गरिबाचं काम अडलं. हो म्हणालो तर भाच्याचं बुडीत कर्ज माझ्या गळ्यात. दोन्ही पाहिलंय नोकरीत, म्हणून मी फोन करतच नाही.

पत्र देतो. पौलाने फिलेमोनाला दिलं तसं. अनेसिम नावाचा फिलेमोनाचा गुलाम पळून आला होता, त्याला परत पाठवताना पौल लिहितो, हा आता गुलाम नाही, भाऊ आहे. त्याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड. आणि ते पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलंय. म्हणजे सगळ्यांसमोर वाचलं गेलं असणार. शिफारस करायची तर अशी: लेखी, उघड, आणि नुकसान आलं तर आपल्या अंगावर.

रांगेतला
साहेब, नीतिसूत्रे 6 पण वाचा. शेजाऱ्याला जामीन राहिलास तर हरिणासारखा फास तोडून पळ, असं आहे तिथे.

खातेवही
वाचलंय. बँकेत ते भिंतीवर लावायला हवं होतं. पण तिथे न पेलणाऱ्या जामीनकीबद्दल आहे. मी त्या बाईच्या शिलाई मशीनच्या कर्जाला जामीन राहिलो, पेलत होतं म्हणून.

नव्या पिढीचा थॉमस
काका-मावशी, एक गोष्ट सुटतेय. आपण मध्य प्रदेशात आहोत. 2021 च्या धार्मिक स्वातंत्र्य कायद्यात आमिष दाखवून धर्मांतर हा गुन्हा आहे. नानूरामला कार्ड मिळवून दिलं आणि वर 'रविवारी या हं आमच्याकडे' म्हटलं, तर उद्या कुणीही बोट दाखवेल. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते आवडत नाही. ज्याच्या बायकोचं ऑपरेशन तुमच्या शब्दावर अडलंय तो 'नाही' म्हणूच शकत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे त्याच्यासाठीही आहे. आपण कोण ते त्याला न सांगताही काम होतं.

दवाखानावाली मावशी
थॉमस बेटा, त्याने विचारलं तर? 'बाई, तुम्ही का करता?' असं त्याने विचारलंच होतं. मी म्हटलं, माझी सवय आहे. खोटं नव्हतं. पण नाव सांगायला मी घाबरले असं समजू नकोस. राणी मारिया काय करतात, कुणासाठी करतात ते सगळ्यांना दिसत होतं, तरी त्या त्याच बसने फिरल्या.

आणि रांगेतले, तुमच्या अर्जावर पहिली सही माझी. फक्त तोपर्यंत मला टेबलाशी जाऊ नको म्हणू नका.

मालवी पोहे
दवाखान्याचं झालं, शाळेचं कुणी उत्तर देईना. बँकवाले काका म्हणतात लेखी आणि उघड. तर मग दर जूनमध्ये कुणाकुणाच्या चिठ्ठीवर प्रवेश दिले त्याची यादी शाळेच्या बोर्डावर लावा ना.

कमिटीवरचा
इतका वेळ वाचत होतो. यादी लावता येणार नाही. आम्ही काही मुलं अशी घेतो ज्यांचा बाप दारूत गेलाय, आई धुणीभांडी करते. फी माफ असते. त्यांची नावं फाटकावर टांगायची? वर्गातली पोरं जगू देतील त्यांना?

मालवी पोहे
मुलांची नावं झाका. चिठ्ठी देणाऱ्याचं नाव आणि घरचं उत्पन्न लिहा.

कमिटीवरचा
चिठ्ठी देणाऱ्यांची नावं लावली तर चिठ्ठ्या येणारच नाहीत.

रांगेतला
हेच तर म्हणत होतो मी पहिल्यापासून.

छावणीकर
जुलैच्या बैठकीत ठराव मी मांडतो. अनुमोदन द्यायला खातेवही आहेत का बघतो. मंजूर होईल असं वाटत नाही.