मराठी नावांच्या यादीत स्ट्रिंगची लांबी, शोध आणि क्रम चुकतो : कारण काय असावे?

प्रश्न : कर्वेनगरची विद्यार्थिनी

नमस्कार. मी पुण्यात बी. एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकते आणि पायथनची सुरुवात नुकतीच केली आहे. आमच्या भागातील एका वाचनालयाच्या सभासदांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. प्रत्येक ओळीत नाव, पत्ता आणि पिनकोड स्वल्पविरामाने वेगळे केलेले आहेत. या यादीवर सराव करताना पुढील अडचणी आल्या.

'कदम' या आडनावाची लांबी 'लेन' ३ सांगते, 'इजअल्फा' ते अक्षरांचेच असल्याचे मान्य करते आणि उलटे केले की 'मदक' मिळते. मात्र 'रमेश' घेतले की लांबी ४ येते, उलटे केल्यावर 'शेमर' होते आणि 'इजअल्फा' चक्क नकार देते. त्याहून मोठी अडचण शोधाची आहे. 'नऱ्हे' येथील सभासद शोधले असता काहीच सापडतात, उरलेले डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही प्रोग्रामला सापडत नाहीत. 'स्ट्रिप' लावूनही फरक पडला नाही. माझे कोठे चुकते आहे, हे कृपया कोणी समजावून सांगाल का?

उत्तर १ : पेठेतला प्रोग्रामर

तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते आणि संगणक ज्याची मोजणी करतो ते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढेच येथे घडते आहे.

पायथन ३ मधील स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ही युनिकोडच्या कोडपॉइंटांची रांग असते. युनिकोड ही जगातील लिप्यांसाठीची संकेतप्रणाली आहे आणि कोडपॉइंट म्हणजे तिने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट आहे आणि त्यात व्यंजने, स्वर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, इतकेच नव्हे तर व्यंजनाचा पाय मोडणारे चिन्हसुद्धा स्वतंत्र कोडपॉइंट म्हणून नोंदलेले आहे. ही रचना १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवर बेतलेली आहे. 'कदम'मध्ये एकही चिन्ह नाही, म्हणून तेथे सगळे सुरळीत चालले. 'रमेश'मध्ये मात्र र, म, मात्रा आणि श असे चार कोडपॉइंट आहेत. रांग उलटी केली की मात्रा 'श'च्या पाठोपाठ येते आणि त्याच्याच डोक्यावर बसते, म्हणून 'शेमर'. 'इजअल्फा'चा नकारही त्यामुळेच आहे, कारण युनिकोडच्या वर्गवारीत मात्रा हे अक्षर नसून जोडचिन्ह आहे.

याच कारणाने पायथनबरोबर येणाऱ्या 'आरई' मॉड्यूलमधील शब्द ओळखणारा नमुना मराठी शब्दांचे तुकडे करतो. 'पुणे' दिले की 'प' आणि 'ण' असे दोन सुटे तुकडे हाती येतात. मराठी मजकुरातील शब्द मोजायचे असतील तर हा नमुना वापरू नये. कंसात काहीही न लिहिता 'स्प्लिट' करावे, म्हणजे मजकूर मोकळ्या जागांवर तुटतो, आणि मग प्रत्येक तुकड्याच्या कडेची विरामचिन्हे काढावीत. 'स्प्लिट'च्या कंसात एक मोकळी जागा द्याल, तर दोन शब्दांमध्ये चुकून दोन जागा सुटलेल्या असल्यास मध्ये रिकामी स्ट्रिंग येते. काहीच न दिल्यास तसे होत नाही.

वाचकाच्या दृष्टीने अक्षरे मोजायची असतील, तर 'रेगेक्स' नावाचे वेगळे पॅकेज बसवून घ्यावे. त्यात चिन्हांसकट पूर्ण अक्षर पकडण्याची सोय आहे. 'पिंपरी'चे कोडपॉइंट ६ आहेत, पण त्या सोयीने ३ अक्षरे मिळतात. जोडाक्षरांबाबत मात्र सावध राहावे. 'क्ष'सारखे देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुने पॅकेज आणि नवे पॅकेज 'क्षितिज'ची अक्षरे वेगवेगळी मोजू शकतात.

उत्तर २ : वारजे_लिनक्स

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. 'नऱ्हे'विषयी सविस्तर लिहितो, कारण मराठी माहितीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच.

त्यातील आडवा र दोन प्रकारांनी टंकता येतो. पहिल्या प्रकारात न, ऱ, पाय मोडण्याचे चिन्ह, ह आणि मात्रा असे ५ कोडपॉइंट असतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ ला स्वतंत्र स्थान असल्यामुळे तेथे टंकलेला मजकूर बहुधा असाच असतो. दुसऱ्या प्रकारात न, साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह, त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, मग ह आणि मात्रा असे ६ कोडपॉइंट असतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण तुलना करताना पायथन त्यांना भिन्न मानतो. 'स्ट्रिप' फक्त दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढते. हा जोडक शब्दाच्या मध्ये असतो आणि तो मोकळी जागा म्हणून गणलाही जात नाही.

खात्री करून घ्यायची असेल, तर न सापडणाऱ्या ओळीतील प्रत्येक कोडपॉइंटचे नाव 'युनिकोडडेटा' मॉड्यूलच्या 'नेम' या फंक्शनने छापून पाहा. अदृश्य पाहुणा तेथे नावानिशी दिसेल.

एकाच अक्षराची समतुल्य रूपे एकसारखी करणारे 'युनिकोडडेटा'मधील 'नॉर्मलाइझ' येथे पुरेसे पडत नाही. र आणि खालचा नुक्ता (टिंब) असे सुटे लिहिलेले असेल तर ते त्याचा ऱ करते, परंतु अदृश्य जोडकाचा प्रकार आणि ऱ चा प्रकार हे युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत. 'ॲड्रेस'मधील ॲ चेही तसेच आहे. त्यासाठी स्वतंत्र कोडपॉइंट २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आला, आणि अ वर चंद्र देऊन लिहिलेले रूपही प्रचारात आहे. म्हणून एक छोटे फंक्शन स्वतः लिहावे लागते. प्रथम 'नॉर्मलाइझ' करा, मग र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि जोडक हे तिन्ही एकत्र आढळतील तेथे ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह ठेवा, आणि त्यानंतरच उरलेले अदृश्य जोडक काढा. हा क्रम पाळावा, कारण जोडक आधीच काढून टाकला तर आडवा र जाऊन 'ह'वर रफार चढतो आणि गावाचे नावच बिघडते.

आणखी एक सूचना आवर्जून करतो. या फंक्शनमधून गेलेली स्ट्रिंग केवळ तुलनेसाठी वापरा आणि सभासदाने लिहून दिलेले मूळ नाव फाइलमध्ये जसेच्या तसे राहू द्या. माणसाचे नाव आपल्या सोयीसाठी बदलणे योग्य नाही.

कर्वेनगरची विद्यार्थिनी

आपणा दोघांचे मनापासून आभार. नावे छापून पाहिली आणि न सापडणाऱ्या ओळींमध्ये तो जोडक खरोखरच निघाला. आता शोध जुळतो आहे. मात्र 'सॉर्टेड' वापरल्यावर 'काळे' हे 'कावरे'च्या आधी येते, आणि काही ओळींमध्ये पिनकोडच्या जागी 'पुणे' येते. यावर काय करावे?

उत्तर ३ : पाषाणचा वाचक

'सॉर्टेड' कोडपॉइंटच्या क्रमांकानुसार मांडणी करते. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ यांचीही तीच गत आहे. आपण त्यांना शेवटी शोधतो आणि 'क्षीरसागर' मात्र क च्या नावांमागून, ख च्या आधी जाऊन बसतात. क्रमाचे नियम स्वतः लिहीत बसू नका. 'पायआयसीयू' हे पॅकेज घेऊन भाषा मराठी ठरवून द्या आणि त्याची क्रमकिल्ली 'सॉर्टेड'ला पुरवा.

पिनकोडच्या जागी 'पुणे' येते, कारण 'सदाशिव पेठ, पुणे' अशा पत्त्यातच स्वल्पविराम आहे आणि 'स्प्लिट' तेथेही ओळ तोडते. पत्ते अवतरणचिन्हांत असतील तर पायथनचे 'सीएसव्ही' मॉड्यूल ते अखंड ठेवते. नसतील तर ओळ डावीकडून पहिल्या स्वल्पविरामावर एकदा आणि उजवीकडून शेवटच्या स्वल्पविरामावर एकदा तोडा, म्हणजे मध्ये उरेल तो पत्ता. फाइल उघडताना तिची संकेतप्रणाली यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहायला विसरू नका, नाहीतर विंडोजच्या काही संगणकांवर नावांऐवजी अगम्य चिन्हे दिसतील.

पिनकोड काही ओळींत ४११०३० असा देवनागरी अंकांत आणि काही ओळींत इंग्रजी अंकांत असण्याची शक्यता आहे. पायथनचे 'इंट' दोन्ही स्वीकारते, तरीही पिनकोडची बेरीज-वजाबाकी करायची नसल्यामुळे तो संख्येत न बदलता स्ट्रिंगच ठेवावा, आणि 'ट्रान्सलेट'ला दहा अंकांची जोडयादी देऊन सर्व ओळींत एकाच प्रकारचे अंक करून घ्यावेत. 'ट्रान्सलेट' असो वा 'रिप्लेस', मूळ स्ट्रिंग बदलत नाही. नवी स्ट्रिंग परत मिळते, ती व्हेरिएबलमध्ये पुन्हा साठवावी लागते.